मदत हवी आहे: बाबांची लघवी एकदम कमी झालीय, क्रिएटिनिन ३.२, डायलिसिसचं बोलायलेत

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला. बाबांना काल दुपारी बेळगावात ॲडमिट केलंय आणि मी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून हे टाइप करायलोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बाबा ६४ वर्षांचे, वजन ५८ किलो. शुगर नाही, प्रेशर आहे, त्याची टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध एकत्र असलेली एकच गोळी रोज सकाळी घेतात. मार्चमध्ये सगळ्या टेस्ट केलेल्या तेव्हा क्रिएटिनिन (किडनी कमी चालली की रक्तात वाढतं ते) १.० होतं, म्हणजे नॉर्मल. मागच्या आठवड्यात आमची रोप लावण चालू होती, चार दिवस चिखलात वाकून त्यांची कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणली आणि सकाळ-संध्याकाळ एक एक करत पाच-सहा दिवस घेतली. त्यातच शुक्रवारी जुलाब लागले, उलट्या पण, पाणी पोटात ठरेना, खरं दोन्ही गोळ्या चालूच, कारण प्रेशरची गोळी एक दिवस पण चुकवायची नाही असं आम्हीच त्यांना बजावलेलं. गावाजवळ एके ठिकाणी दोन सलाईन लावल्या, जुलाब थांबले, आम्हाला वाटलं सुटलो.

लघवीचं कुणी विचारलंच नाही. मी पण नाही. रविवारी रात्री आई हळूच म्हणाली की हे सकाळपासून एकदाच मोरीत गेलेत, आणि ते पण चहाच्या रंगाची थोडीशी. पाय सुजलेले, तोंडाला चव नाही, सारखी मळमळ. सोमवारी इथं आणलं तर क्रिएटिनिन ३.२, पोटॅशियम ६.१, इतकं वाढलं की हृदयाला धोका. लगेच ईसीजी काढला, शिरेतून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, वाफारा पण दिला. लघवीची नळी घातलीय. रात्री ८ ते सकाळी ८ पिशवीत फक्त १२० मिली.

डॉक्टर चांगले आहेत, खरं राउंडला दोन मिनिटं उभे राहतात आणि मला त्या दोन मिनिटांत काय विचारायचं तेच सुचत नाही. ते 'अक्यूट किडनी इंज्युरी' म्हणाले, लघवी वाढली नाही तर एक-दोन डायलिसिस लागतील म्हणाले. शुगर नसलेल्या माणसाची किडनी चार दिवसांत जाते का, एकदा डायलिसिस लागलं की कायमचंच लागतं असं मामा म्हणतात ते खरं का, आणि मी इथं बसून नेमकं काय बघत राहू, हे कुणीतरी नीट सांगा. आई सकाळपासून काही बोललेली नाही.

निपाणीकर

भाऊ, धीर धरा. माझ्या आईला चार वर्षांमागं हेच झालेलं, तिला गुडघ्याच्या गोळ्या आणि उन्हाळ्यात जुलाब. तीन डायलिसिस झाले आणि मग लघवी सुरू झाली, आता क्रिएटिनिन १.१ आहे, परवाच शेतावर जाऊन आली. त्यामुळं मामांचं ऐकून आईंना अजून घाबरवू नका. 'अक्यूट' म्हणजे अचानक झालेलं. जुनी खराब झालेली किडनी वेगळी आणि ही वेगळी.

एक मात्र लगेच करा. भेटायला येणारे शहाळी आणि मोसंबी ज्यूस घेऊन येतील, कमी लघवी आणि वाढलेलं पोटॅशियम असताना ते बाबांना बिलकुल देऊ नका. आमच्याकडे आत्याने प्रेमानं शहाळं पाजलं आणि रात्री परत ईसीजी काढायची वेळ आली.

वॉर्डातली ताई

मी स्टाफ नर्स आहे, सीमेपलीकडं गडहिंग्लज भागात, १४ वर्षं झाली. डॉक्टर लोक औषधांचं सांगतील, मी बाकड्यावर बसलेल्या माणसाने काय बघायचं ते सांगते.

एक वही करा. पानाच्या डाव्या बाजूला आत काय गेलं ते लिहा, सलाईन, पाणी, चहा, पेज, औषधासोबतचा घोट पण. उजव्या बाजूला बाहेर काय आलं, लघवी, उलटी, जुलाब. दर तासाला पिशवीचा आकडा लिहा. बाबांचं वजन ५८ ना, मग किलोला अर्धा मिली या हिशोबानं तासाला निदान २९ मिली यायला पाहिजे, सहा तास सलग त्याच्याखाली राहिलं तर तेवढ्यावरच किडनीला धक्का बसलाय असं धरतात. तुमची १२ तासांत १२० म्हणजे तासाला १०, म्हणून ते डायलिसिसचं बोलायलेत, उगाच नाही. एकदम काहीच येईनासं झालं तर आधी नळी दुमडलीय का, अंगाखाली दबलीय का बघा आणि सिस्टरना बोलवा, आपण हात लावू नका. रोज सकाळी एकाच वेळी वजन करायला सांगा. दम लागायला लागला, आडवं झाल्यावर खोकला यायला लागला, माणूस गुंगीत गेला, छातीत धडधड वाटली, तर राउंडची वाट बघायची नाही.

अजून एक विचारते, राग मानू नका. बाबांना कन्नड किती येतं?

मलप्रभाकाठ

ताई तुम्ही बरोबर नस पकडलीत. बाजारापुरतं येतं. इथल्या सिस्टर मायाळू आहेत, सगळं कन्नडमधून विचारतात आणि बाबा प्रत्येकाला "हां री, हां री" म्हणतात. काल नळी घालायच्या आधी लघवी होते का विचारलं तर "हां री". त्यात समोर बाई माणूस, त्यामुळं लाजले. पुढचे दोन तास तसेच गेले. आता मी आत बसायची परवानगी मागून घेतलीय, वही पण केली. ९ वाजता १०, १० वाजता १५.

डॉक्टर_चिकोडी

मी फिजिशियन आहे. तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळं इथं डोस वगैरे काही सांगणार नाही, निर्णय समोरच्या डॉक्टरांचाच. पण काय चाललंय ते तुम्हाला कळलं तर दोन मिनिटं पुरतील.

शेतीच्या भाषेत सांगतो. शेवटच्या वाफ्यात पाणी येत नसलं तर आपण तीन जागा बघतो. विहिरीत पाणी आहे का, मोटार बरी आहे का, पुढं पाइप चोंदलाय का. लघवीचं तसंच. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं म्हणजे विहीर आटली. किडनी स्वतः जखमी झाली म्हणजे मोटार. आणि प्रोस्टेट नाहीतर खड्यानं वाट अडली म्हणजे पाइप. पाइपचं सोनोग्राफीत कळतं आणि ते चुकवून चालत नाही कारण तिथं नुसती नळी घालून माणूस वाचतो. म्हणून पहिला प्रश्न: सोनोग्राफीत किडनी फुगलीय का, आणि तिचा आकार नॉर्मल आहे का. आकार नॉर्मल आणि मार्चचा १.० हे दोन्ही असलं तर हे नवीन आहे याला चांगलाच आधार मिळतो. तो मार्चचा रिपोर्ट आजच घरून मागवून डॉक्टरांच्या हातात द्या, त्याच्यासारखा कागद दुसरा नाही.

बाबांच्या बाबतीत काय झालं असावं? पाणी कमी पडतं तेव्हा किडनी दोन युक्त्या करून आपलं प्रेशर सांभाळते, आत येणारी रक्ताची नळी सैल सोडते आणि बाहेर जाणारी आवळते. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या पहिली युक्ती बंद पाडतात, टेल्मिसार्टन दुसरी, आणि लघवीचं औषध उरलंसुरलं पाणी काढतं. तिन्ही एकत्र आणि वर जुलाब. एकेकटी गोळी वाईट नाही, टेल्मिसार्टन तर एरवी कितीतरी जणांची किडनी वाचवते, पण त्या चार दिवसांत ती पोटात जायला नको होती. शुगर नसली तरी हे होतं, धडधाकट माणसाला पण होतं. तुम्ही बजावलंत म्हणून झालं असं मनाला लावून घेऊ नका, गोळी देताना हे सांगणं आमचं काम होतं.

दुसरा प्रश्न विचारा: ताप होता का, पोटऱ्या दुखत होत्या का, डोळे लाल होते का? बाबा चार दिवस भाताच्या चिखलात उभे होते आणि आपल्याकडं पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस बघायलाच लागतो, उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होतो, त्यानं पण किडनी बसते आणि त्याचं अँटिबायोटिक वेगळं. कुणी विचारलं नसलं तर तुम्ही स्वतःहून सांगा की हे शेतातून आलेत.

डायलिसिस कशासाठी: औषधांनी पोटॅशियम ऐकेना, रक्तातलं ॲसिड ऐकेना, फुप्फुसात पाणी, किंवा युरिया वाढून भ्रम, या कारणांसाठी. नुसता क्रिएटिनिनचा आकडा बघून नाही. ते म्हणजे किडनी विश्रांती घेईपर्यंत दिलेला टेकू. हो म्हणायची वेळ आली तर हो म्हणा, ओळखीच्यांना फोन करत सहा तास घालवू नका.

आणि क्रिएटिनिन एक-दोन दिवस मागनं चालतं. लघवी वाढली तरी उद्या आकडा अजून चढलेला दिसेल, घाबरू नका.

देसूरचा_पोर

आमच्याकडं एकजण गोखरू आणि पुनर्नव्याचा काढा देतात, बऱ्याच लोकांना लघवी मोकळी झालीय. डायलिसिसच्या आधी एकदा करून बघायला काय हरकत आहे?

वॉर्डातली ताई

हरकत आहे भाऊ, हात जोडून सांगते. नळीवर असलेल्या, पोटॅशियम ६ असलेल्या माणसाच्या पोटात आत्ता कुठलाही काढा नको. त्यात काय काय आहे आणि पोटॅशियम किती हे कुणालाच माहीत नसतं. बरं होऊन घरी गेल्यावर सुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण असे पेशंट आमच्याकडं चौथ्या-पाचव्या दिवशी येतात आणि तेव्हा हातात फार काही उरलेलं नसतं.

खडेबाजार

खर्चाचं: रेशन कार्ड सोबत ठेवा, आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात बसतंय का तिथल्या डेस्कवर आजच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. तुमचं गाव सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत असलं तर महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना पण लागू करायचा निर्णय २०२३ ला झालाय, तिचे पेपर वेगळे. आणि डायलिसिसचा पंतप्रधानांच्या नावाचा कार्यक्रम २०१६ पासून आहे, गरीब कुटुंबांना जिल्हा दवाखान्यात मोफत.

मलप्रभाकाठ

बुधवार रात्र. सगळ्यांना एकत्रच लिहितो.

मंगळवारी एक डायलिसिस झालं. सोनोग्राफीत किडनी नॉर्मल आकाराच्या, कुठं अडलेलं नाही, प्रोस्टेट थोडं मोठं आहे खरं त्याच्यामुळं नाही म्हणाले. लेप्टोची टेस्ट निगेटिव्ह आली. मार्चचा रिपोर्ट वैनीने घरून फोटो काढून पाठवला, डॉक्टरांनी मोबाईल हातात घेऊन दोनदा बघितला आणि मग पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले, दहा मिनिटं बोलले. ज्यांनी तो कागद मागवायला सांगितला त्यांचे खूप आभार.

मग आज पहाटेचं. मी डुलकी घेत होतो, चार वाजता वहीसाठी उठलो. टॉर्च मारून पिशवीकडं बघितलं तर मला वाटलं चुकीचा आकडा वाचतोय. तीन वाजता रिकामी केलेली, आणि चारला ८५. रंग पण चहाचा नाही, फिकट. पाचला ९०. मी सिस्टरना जाऊन मराठीतच सांगितलं, त्यांना किती समजलं माहीत नाही, खरं त्या वही बघून हसल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. आज सकाळी ८ पर्यंतच्या २४ तासांत ९४० मिली. क्रिएटिनिन ४.१, म्हणजे चढलेलंच, डॉक्टरसाहेब तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी परत कोसळलो असतो. पोटॅशियम ४.८. आई आज जेवली.

डॉक्टर_चिकोडी

छान बातमी. आता उलटी काळजी. किडनी सावरताना कधीकधी लघवी खूप होते, दिवसाला तीन-चार लिटर पण, तेव्हा पाणी आणि पोटॅशियम दोन्ही खाली जाऊ शकतात. वही बंद करू नका.

मलप्रभाकाठ

अकरावा दिवस. दुसरं डायलिसिस लागलं नाही. काल २१०० मिली, क्रिएटिनिन १.६, नळी काढली, उद्या सोडणार. बाबा विचारायलेत की राहिलेली लावण कुणी केली. शेवटचे दोन प्रश्न: घरी गेल्यावर प्रेशरची गोळी चालू करायची का, आणि कंबर परत धरली तर काय द्यायचं?

डॉक्टर_चिकोडी

प्रेशरची गोळी कधी आणि कुठली ते डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा, तोंडी नको. घरी आपलं आपण जुनी चालू करू नका आणि कायमची टाळू पण नका. कंबरेला शेक, विश्रांती, लागलीच तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड ही नावं मराठीत एका चिठ्ठीवर लिहून बाबांच्या खिशात आणि गावातल्या मेडिकलवाल्याकडं एक एक द्या. कार्डावर 'अक्यूट किडनी इंज्युरी' हे शब्द लिहिलेत का बघा, पुढच्या डॉक्टरला ते दिसायला हवेत. साधारण आठवड्याभरात क्रिएटिनिन-पोटॅशियम, मग तुमचे डॉक्टर सांगतील तसं, आणि तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन नक्की, तेव्हा कळेल किडनी पूर्ण भरून आली का. परत कधी जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन करून विचारायचं की कुठल्या गोळ्या थांबवू.

वॉर्डातली ताई

आणि बाबांना सांगा, लाजायचं नाही. लघवी कमी झाली की आईला नाही, तुम्हाला सांगायचं, त्याच दिवशी.

मलप्रभाकाठ

सांगितलं ताई. आत्ताच, वाचून दाखवलं. "हां री" म्हणाले. मग मी परत विचारलं, तेव्हा मराठीत सांगितलं, सकाळपासून चार वेळा.

चिठ्ठी लिहून झालीय. मेडिकलवाल्याची आणि एक शेजारच्या बेडवरच्या आजोबांच्या मुलानं मागून घेतली, त्यांची पण गोळी टेल्मिसार्टनच आहे.