मदत हवी आहे: वायुदलातले निवृत्त वैमानिक कोणाच्या ओळखीत आहेत का?

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत नववी-दहावीच्या मुलांसाठी विज्ञानगप्पा होतात. या वेळचा विषय मुलांनीच निवडलाय: लष्करी वैमानिकांना दिसलेल्या अनोळखी उडत्या वस्तू.

वाचन झालंय. २००४ मध्ये अमेरिकी नौदलाचे वैमानिक डेव्हिड फ्रेव्हर यांना पॅसिफिकवर पंख नसलेली पांढरी, लांबट वस्तू दिसली. २०२३ मध्ये त्यांनी ते अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे शपथेवर सांगितलं. तिथल्याच २०२१ च्या सरकारी अहवालात अशा १४४ नोंदी होत्या, खात्रीने उलगडली एकच: हवा निघत चाललेला मोठा फुगा.

मला अडतंय ते पुढे. आजूबाजूला मोकळं आकाश असताना नुसत्या डोळ्यांनी अंतर आणि वेग किती चुकू शकतो? रडारवर दिसतंय पण डोळ्यांना नाही, तेव्हा वैमानिक काय करतो? हे प्रत्यक्ष विमान उडवलेल्या माणसाकडूनच मुलांनी ऐकावं असं फार वाटतं. परग्रहवासी आहेत की नाहीत, हा वाद नकोय.

कोलशेतला एअरफोर्स स्टेशन आहे, त्यामुळे इकडे निवृत्त मंडळी असतीलच. ऐरोली, वाशीचे असले तरी न्यायला-सोडायला येईन. रडारवर काम केलेले कोणी असतील तरी चालेल. कृपया त्यांना आधी विचारून मगच मला मेसेज करा.