मदत हवी आहे: मुक्त इलेक्ट्रॉनाचा वेग प्रकाशाच्या दुप्पट येतो आहे

तिसरे_सत्र:
नमस्कार. मी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सोमवारी आधुनिक भौतिकीची अंतर्गत परीक्षा आहे. प्रकाशविद्युत परिणामात इलेक्ट्रॉन संपूर्ण फोटॉन (प्रकाशाचा ऊर्जाकण) शोषून घेतो, पण कॉम्प्टन परिणामात तो फोटॉनची थोडीच ऊर्जा घेतो आणि कमी ऊर्जेचा फोटॉन दुसऱ्या दिशेने निघून जातो. कॉम्प्टनमध्येही पूर्ण शोषण का होऊ नये, हे पाहण्यासाठी मी दोन समीकरणे मांडली, तर इलेक्ट्रॉनाचा वेग प्रकाशाच्या बरोबर दुप्पट आला. पुन्हा पुन्हा तपासले, आकडेमोड बरोबर आहे. मग बिघडते आहे कुठे? कृपया लवकर सांगावे.

गॅमावेध:
कोणती दोन समीकरणे मांडली, हे आपण लिहिलेलेच नाही. इलेक्ट्रॉन सुरुवातीला स्थिर धरला होता का? फोटॉनची ऊर्जा किती घेतली? गतिज ऊर्जेसाठी कोणते सूत्र वापरले? एवढे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

तिसरे_सत्र:
सर, इलेक्ट्रॉन स्थिर आणि मुक्त, म्हणजे कशालाही न बांधलेला असतो, हे पुस्तकात गृहीतच धरलेले असते. पहिले समीकरण ऊर्जेचे: फोटॉनची ऊर्जा म्हणजे अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. दुसरे संवेगाचे (मोमेंटमचे): फोटॉनची ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग म्हणजे वस्तुमान गुणिले इलेक्ट्रॉनाचा वेग. एकाला दुसऱ्याने भागले की फोटॉनची ऊर्जा आणि वस्तुमान दोन्ही गळून पडतात, त्यामुळे ऊर्जा किती घेतली याने काहीच फरक पडत नाही.

सापेक्ष:
हा प्रश्न जुन्या सूत्रांनी सोडवूच नये. शोषणानंतरच्या इलेक्ट्रॉनासोबत त्याच वेगाने चालणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने पाहावे. त्याला शेवटी इलेक्ट्रॉन स्थिर दिसतो, म्हणजे एकूण ऊर्जा फक्त स्थिर वस्तुमानाची. सुरुवातीला मात्र त्याच निरीक्षकाला एक धावणारा इलेक्ट्रॉन आणि त्याखेरीज एक फोटॉन दिसत होता. अधिक ऊर्जेतून कमी ऊर्जा उरली आणि बाकीची कुठेच गेली नाही, हे अशक्य आहे. सापेक्षता शिकलेल्या प्रत्येकाने अशा प्रश्नांची सुरुवात येथूनच करावी, आकडेमोडीत वेळ घालवू नये.

निवृत्त_शिक्षक:
सापेक्ष यांचा युक्तिवाद निर्दोष आहे, परंतु धागाकर्त्याच्या शंकेला त्याने उत्तर मिळत नाही. बाळा, तुझ्या आकडेमोडीत काहीही बिघडलेले नाही. मुक्त इलेक्ट्रॉनाने फोटॉन पूर्ण शोषला असे तू गृहीत धरलेस आणि त्यातून प्रकाशाच्या दुप्पट वेग निघाला; याचा अर्थ ते गृहीतकच टिकत नाही. तुझे उत्तर हीच अशक्यतेची सिद्धता आहे. सापेक्षतेची सूत्रे वापरलीस, तर ऊर्जा आणि संवेग यांची समीकरणे एकाच वेळी पाळणारा इलेक्ट्रॉन फक्त स्थिरच राहू शकतो, म्हणजे फोटॉनची ऊर्जा शून्य असावी लागते, असे दिसेल. आज रात्री वहीत तेवढे करून पाहा. चार ओळींचे काम आहे.

सापेक्ष:
विद्यार्थ्याला चार ओळी करायला लावून जे कळते, ते आकडेमोडीविनाही कळते, एवढेच माझे म्हणणे आहे.

निवृत्त_शिक्षक:
स्वतःच्या हाताने मांडलेली समीकरणे जास्त काळ लक्षात राहतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे. आपण दोघे एकाच ठिकाणी पोहोचतो आहोत, वाट मात्र विद्यार्थ्याच्या सत्राला पेलणारी असावी.

पेपर_सोडवा:
परीक्षेच्या दृष्टीने सांगतो. या घटकावर हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: दृश्य प्रकाशात कॉम्प्टन परिणाम का जाणवत नाही? उत्तर असे लिहावे की तरंगलांबीतील बदल मूळ तरंगलांबीवर अवलंबून नसतो आणि ९० अंशांत विखुरलेल्या प्रकाशासाठी तो सुमारे ०.००२४ नॅनोमीटर असतो. ५०० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात हा बदल लाखात अर्ध्या भागाइतका भरतो. क्ष-किरणांची तरंगलांबी ०.०७ नॅनोमीटर असेल तर तोच बदल तीन टक्क्यांहून अधिक होतो. हा फरक आकड्यांसह लिहिल्यास उत्तर भक्कम होते.

तिसरे_सत्र:
आभारी आहे, पण मी हे विचारलेले नाही. निवृत्त शिक्षक सरांचे म्हणणे पटले. मात्र त्यामुळे दुसरी अडचण उभी राहिली. मुक्त इलेक्ट्रॉन फोटॉन शोषू शकत नाही, मग सोडिअमसारख्या धातूत प्रकाशविद्युत परिणाम होतोच कसा? धातूतील इलेक्ट्रॉन मुक्त असतात, हे तर आम्हाला बारावीपासून सांगितले आहे.

गॅमावेध:
आता प्रश्न नेमका झाला. धातूतला इलेक्ट्रॉन धातूच्या आत फिरायला मोकळा असतो, धातूबाहेर पडायला नाही. सोडिअमचे वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे २.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणुपातळीवरील ऊर्जेचे एकक) आहे, म्हणजे तो संपूर्ण स्फटिकाला तेवढ्या ऊर्जेने बांधलेला आहे. आता ३ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे सुमारे ४१३ नॅनोमीटरचा जांभळा फोटॉन घ्या. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनाला जास्तीत जास्त ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट गतिज ऊर्जा मिळते. त्याचा संवेग काढून फोटॉनच्या संवेगाशी तुलना करा. तो सुमारे २८० पट भरतो. एवढा संवेग फोटॉनकडे नव्हताच. हिशेब जुळवण्याचे काम स्फटिक करतो: तो उलट दिशेने तेवढाच संवेग घेतो. त्याचे वस्तुमान प्रचंड असल्यामुळे त्याच्या वाट्याला ऊर्जा जवळजवळ येतच नाही. हा सगळा संवेग सोडिअमच्या एकाच अणुकेंद्रकाने घेतला, असे धरले तरी त्याची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन व्होल्टचा सुमारे साठ हजारावा भाग भरते. म्हणूनच आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या समीकरणात स्फटिकाच्या ऊर्जेचे पद दिसत नाही आणि तुमच्यासारख्या विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला वाटते की स्फटिक तेथे नाहीच.

प्रयोगशाळा_दुपारची:
पुस्तकात डोके घालण्यापेक्षा गॅमा वर्णपटमापकावर (गॅमा किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणावर) एक दुपार घालवा, असे मी आवर्जून सुचवते. सिझिअम-१३७ चा किरणोत्सारी स्रोत आणि सोडिअम आयोडाइडचा स्फटिक घेतला की एकाच आलेखात दोन्ही परिणाम शेजारी शेजारी दिसतात. ६६२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला उंच शिखर मिळते, ते प्रकाशविद्युत परिणामाचे. आणि ४७७ च्या आसपास कॉम्प्टन पठार (विखुरण्यात इलेक्ट्रॉनांना मिळालेल्या ऊर्जांचा आलेखातील सपाट भाग) एकदम संपते, कारण समोरासमोरच्या धडकेतही इलेक्ट्रॉनाला त्याहून अधिक ऊर्जा मिळू शकत नाही. आयोडीनच्या सर्वांत आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन सुमारे ३३ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टने बांधलेले असतात, आणि प्रकाशविद्युत शोषण बहुतांशी त्यांच्यामुळेच घडते. इलेक्ट्रॉन जितका घट्ट बांधलेला, तितका तो अणुकेंद्रकाला संवेग सोपवू शकतो.

निवृत्त_शिक्षक:
ताई, पठाराबद्दल आणि आयोडीनबद्दल आपण लिहिले ते अचूक आहे, पण ६६२ चे संपूर्ण शिखर प्रकाशविद्युत परिणामाचे म्हणणे योग्य होणार नाही. फोटॉन आधी कॉम्प्टन पद्धतीने विखुरला आणि मग त्याच स्फटिकात शोषला गेला, तरी त्या दोन्ही ऊर्जांची बेरीज ६६२ च भरते आणि त्याची नोंद त्याच शिखरात होते. स्फटिक जितका मोठा, तितका हा वाटा वाढतो. परीक्षेआधी विद्यार्थ्याच्या मनात चुकीचे चित्र बसू नये, म्हणून लिहिले.

प्रयोगशाळा_दुपारची:
मान्य आहे. त्याला पूर्ण ऊर्जेचे शिखर म्हणावे.

तिसरे_सत्र:
सोडिअमचा हिशेब करून पाहिला, २८० च्या जवळपासच उत्तर आले. आता शेवटची शंका. कॉम्प्टन यांच्या १९२३ च्या प्रयोगात ग्रॅफाइटमधले इलेक्ट्रॉनही अणूला बांधलेलेच होते. मग तेथे ते मुक्त का धरायचे? आणि आलेखात न बदललेल्या तरंगलांबीचे दुसरे शिखर का असते?

गॅमावेध:
दोन्हींचे उत्तर ऊर्जांच्या तुलनेत आहे. कॉम्प्टन यांनी वापरलेले मॉलिब्डेनम धातूचे क्ष-किरण सुमारे १७.४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे होते. ९० अंशांत विखुरताना इलेक्ट्रॉनाला त्यांतील सुमारे ५७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात. कार्बनचा बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला ११ च्या आसपास पुरतात, त्यामुळे त्याचे बंधन हिशेबात दुर्लक्षिता येते. आतल्या कवचातील इलेक्ट्रॉनाला मात्र २८४ लागतात. त्याला मुक्त म्हणता येत नाही, आणि लहान कोनांत तर धडकेची ऊर्जा त्याला सोडवायलाही पुरत नाही. जेव्हा इलेक्ट्रॉन अणूतून सुटतच नाही, तेव्हा धक्का संपूर्ण अणू घेतो. कार्बनचा अणू इलेक्ट्रॉनाच्या सुमारे २२ हजार पट जड असतो, त्यामुळे तरंगलांबीतील बदल तितक्याच पटीने कमी होतो आणि मोजमापात शिखर जागच्या जागी दिसते. कॉम्प्टनच्या सूत्रात तरंगलांबीतील बदल वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो; त्यात इलेक्ट्रॉनाच्या वस्तुमानाच्या जागी अणूचे वस्तुमान घालून पाहा, म्हणजे हे लगेच स्पष्ट होईल.