बोटीचा ट्रेलर ओढण्यासाठी जुनी एसयूव्ही की पिकअप? सल्ला हवा आहे

नमस्कार. आम्हा दोघा भावांची १९ फुटी फायबरची बोट मुलुंडला ट्रेलरवर उभी असते आणि पावसाळा संपला की ती हर्णै-आंजर्ल्याच्या बाजूला न्यायची असते. बोट, आउटबोर्ड इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून वजन साधारण १,४०० किलो भरते. आतापर्यंत भाड्याच्या गाडीवर भागत होते. आता १८ लाखांपर्यंत स्वतःची जुनी डिझेल गाडी घ्यायची आहे.

सपाट रस्त्यावर हे वजन अनेक गाड्या ओढतील, त्याची मला काळजी नाही. दापोलीहून आसूदमार्गे हर्णैकडे उतरताना मात्र मागचे ओझे गाडीला पुढे रेटत राहते, आणि अशा अरुंद, वळणांच्या उतारावर गाडीच वजनाने हलकी असेल तर ट्रेलर तिला हेलकावू लागतो. ट्रेलरला ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीला रेटू लागला की आपोआप लागणारा ब्रेक) बसवून घेणार आहोत, तरी गाडी भारदस्त हवीच. शिवाय ओहोटीला शेवाळलेल्या धक्क्यावरून बोट वर काढताना मागची चाके जागीच फिरतात. तिथे फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर) आणि लो-रेंज गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) नसेल तर क्लच जळायला वेळ लागत नाही. म्हणून मोनोकॉक बांधणीच्या (बॉडी आणि सांगाडा एकसंध असलेल्या) गाड्या सोडून देऊन चेसिसवर, म्हणजे वेगळ्या पोलादी सांगाड्यावर, बांधलेल्या तीन गाड्यांपाशी आम्ही थांबलो आहोत.

माझा कल फोर्ड एन्डेव्हर ३.२ कडे आहे. तिचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा चाके फिरवण्याचा जोर, ४७० न्यूटन-मीटर आहे आणि ऑस्ट्रेलियात एव्हरेस्ट या नावाने विकल्या गेलेल्या याच गाडीला ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी ३,००० किलोची मर्यादा दिलेली होती, अर्थात तो आकडा इथल्या गाडीला जसाच्या तसा लावणे मला योग्य वाटत नाही. कंपनीने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतल्यामुळे सुट्या भागांची चिंता आहे, आणि चढावर ओझे ओढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल तापते, तीही आहेच. इसुझू व्ही-क्रॉस २.५ या पिकअपचा टॉर्क ३२० न्यूटन-मीटरच आहे. पण ट्रेलरच्या वजनाचा सुमारे दहावा भाग, म्हणजे आमच्या बाबतीत १४० किलो, हुकवर उभा दाबतो आणि तो पेलायला तिचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) चांगले. सव्वापाच मीटरहून लांब गाडी सोसायटीत उभी करणे मात्र अवघड आहे. टोयोटा फॉर्च्युनर ३.० मॅन्युअल भरवशाची खरी, परंतु आमच्या पैशांत बहुधा जास्त चाललेली गाडी मिळेल आणि २०११-१२ ची घेतली तर पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचा व हरित कराचा खर्च लगेच समोर येईल.

ज्यांनी असे वजन घाटात नेले आहे त्यांनी कृपया सांगावे: एन्डेव्हरला गिअरबॉक्ससाठी वेगळा ऑइल कूलर बसवावा लागला का, आणि तिचे सुटे भाग मुंबईत किती दिवसांत मिळतात? इथे सर्रास दिसणारे हुक नुसते बंपरच्या आधारावर बसवलेले असतात. चेसिसला बोल्टने पक्का धरणारा टो-बार मुंबई-ठाण्यात कोणत्या भागात बनवून मिळतो आणि त्यामुळे विम्याला किंवा आरटीओला काही अडचण आली का? खाऱ्या हवेत राहिलेली गाडी खालून तपासताना चेसिसवर नेमका कुठे गंज शोधावा, हेही कळले तर फार उपयोग होईल.