फ्लोराइडला विष म्हणणाऱ्यांनी आधी पेस्ट किती लावता ते सांगा

रंकाळाकर : काल इथं पोस्ट पडली, ‘फ्लोराइड विष आहे, पोरांना पेस्ट बंद करा, राखुंडीनं दात घासा’. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. सोबत तेलंगणातल्या नलगोंडाच्या लोकांच्या वाकड्या पायांचे फोटो. फोटो खरे आहेत, पण तो फ्लोराइड जास्त असलेल्या बोअरच्या पाण्याचा प्रताप. तसलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं वाकतात. आपल्याकडं पिण्याच्या पाण्याला लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइडची मर्यादा, दुसरी सोयच नसेल तर १.५. आता पेस्टचं बघा. १००० पीपीएमची, म्हणजे किलोमागे १००० मिलिग्रॅम फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घेतली तर त्यात साधारण ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड, तेही पोरानं सगळी गिळली तर. तीन वर्षांखाली तेवढीच, पुढं सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीतलं ब्रशभर वेटोळं पोरांसाठी नव्हे. आणि राखुंडीनं दातावरचं कडक कवच, इनॅमल, घासून जातं, त्यावर कुणी बोलत नाही!

माहेर यवतमाळ : पंचगंगेचं पाणी पिणाऱ्याला हे बोलणं सोपं आहे, दादा. आमच्या हातपंपाच्या पाण्यानं माझ्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आले. बघायला आलेल्यांनी आईला विचारलं, ‘मुलगी मिश्री लावते का?’ १.५ च्या वर फ्लोराइड असलेल्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसतो, हे अमेरिकेच्या सरकारी अहवालातच आलंय, २०२४ च्या. माझ्या लेकीला मी फ्लोराइड देणार नाही.

रंकाळाकर : वहिनी, तुम्ही सोसलंय ते पाण्यातलं. मी पेस्टबद्दल बोलतोय, आणि ती थुंकायची असते. आणि थोडं फ्लोराइड कामाचंच असतं : कॅनडात कॅलगरी शहरानं कीड रोखायला नळाच्या पाण्यात थोडं फ्लोराइड घालणं २०११ मध्ये थांबवलं, पोरांची कीड वाढली, २०२५ मध्ये परत सुरू करावं लागलं.

गुऱ्हाळवाला : कॅनडा ठेवा तिकडं. कीड बिस्किटानं न् चॉकलेटनं येते. माझा थोरला उसाचा रस उकळायच्या काहिलीजवळ वाढला, गरम काकवी न् भाकरी खाऊन. एक दाढ किडली न्हाई. धाकटा पुड्यातलं खातो, त्याच्या दाढा काळ्या. गूळ खावा, पेस्टची गरजच न्हाई.

दातांच्या दवाखान्यातली : गुळातही बहुतांश साखरच असते, काका. वर चिकट. दाढेच्या खाचेत बसला की जंतू त्याचं आम्ल करतात, साखर गुळाच्या ढेपेतनं आली की पुडीतनं, त्यांना फरक पडत नाही. झोपताना बाळाच्या तोंडात काकवीचं बोट देणाऱ्या आज्या रोज भेटतात. त्या पोरांच्या वरच्या पुढच्या दातांची हिरडीशी तपकिरी खुंटं उरलेली असतात, खरवडलं तर ओल्या खडूसारखी निघतात. तीन वर्षांचं पोर ठणक्यानं रात्रभर रडतं.

गुऱ्हाळवाला : म्हणजे आता गूळबी वाईट! तुमच्यासारख्यांनीच गुळाचं वाटोळं केलं. एकेक गुऱ्हाळ बंद पडतंय, गुळव्या मिळंना, सौद्यात दर न्हाई, आणि तुम्ही पोरांना गुळाची भीती घाला. आमची आजी मरेपर्यंत ऊस दातानं सोलत होती.

रंकाळाकर : आजीच्या वेळी दिवसभर तोंडात गोड नव्हतं. दोन वेळचं जेवण, मध्ये काही नाही. आता घास संपायच्या आत दुसरा खाऊ. लाळेला दात सावरायला वेळच मिळत नाही. फ्लोराइड त्याच कामी येतं, आम्लानं खनिज गेलेल्या इनॅमलवर ते परत बसायला.

गुऱ्हाळवाला : आजीवर जाऊ नका.

दातांच्या दवाखान्यातली : आजीवर कुणी गेलं नाही. गूळ जेवणाबरोबर द्या, वर चूळ भरायला लावा. झोपताना नको, एवढंच म्हणणं आहे. ज्यांच्या दाढा किडायला लागल्यात त्यांना वर्षातनं दोनदा फ्लोराइडचं व्हार्निश लावून घ्या. ते दातावर चिकटून राहतं, पोटात फारसं जात नाही.

माहेर यवतमाळ : व्हार्निश वगैरे नंतर. आधी आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी तपासून घेते, कारण टँकर नसेल तेव्हा तेच पितो. आकडा १ च्या आत आला तरच दाण्याएवढी पेस्ट, तीही मी बेसिनपाशी उभी असताना. ‘फ्लोराइड चांगलं’ असं माझ्याकडून वदवून घेऊ नका.

गुऱ्हाळवाला : धाकट्याला घेऊन येतो शनिवारी दवाखान्यात. गूळ बंद करा म्हणालात तर तसाच उठून येणार.