सेटर काकांच्या हातातलं पोरांच्या हातात कसं आणायचं?

प्रश्न: प्रॉडक्शन सुपरवायझर, भोसरी

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. कॉम्प्युटरवर चालणारी आठ सीएनसी टर्निंग मशिनं (लेथ), तीन व्हीएमसी (उभी मिलिंग मशिनं), दोन शिफ्ट. डिप्लोमा करून मी इथे लागले त्याला सात वर्षं झाली. आमचे सेटर काका, म्हणजे मशीनवर टूल आणि जॉब बसवून सेटिंग करून देणारे, येत्या जूनमध्ये रिटायर होताहेत आणि मला त्याची खरंच धास्ती वाटते.

दिवाळीनंतर काका पाच दिवस गावच्या जत्रेला गेले होते. त्या पाच दिवसांत केलेले एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलच्या पातळ बुशचे (नळीसारख्या पोकळ पार्टचे) ३४० नग कस्टमरकडून परत आले. आम्ही प्रत्येक नग बोअर डायलनं (आतल्या भोकाचा, म्हणजे बोअरचा व्यास मोजायचं साधन) तपासला होता, माप ड्रॉइंगमध्ये होतं. तरी त्यांच्याकडे प्लग गेज (भोकात घालून माप बघायचा नेमक्या मापाचा दंडगोल) आत जाईना. काकांनी परत आल्यावर सेटिंग पाहिलं आणि म्हणाले, "फिनिशलाही पूर्ण प्रेशरच ठेवलंय." म्हणजे शेवटच्या बारीक कटलाही नग पूर्ण जोरात धरलेला.

पातळ बुश चकच्या (नग धरून फिरवणाऱ्या पकडीच्या) तीन जॉमध्ये, म्हणजे जबड्यांत, जोरात धरला की दबतो. दबलेला असतानाच बोअर गोल कापला जातो, आणि चक सोडल्यावर बुश मोकळा झाला की बोअरला तीन पोटं येतात. आमचा डायल समोरासमोर दोनच बाजूंना टेकतो. तीन पोटं असली की प्रत्येक पोटाच्या समोर आत आलेला भाग असतो, त्यामुळे डायल कसाही फिरवा, आकडा जवळपास तोच. काका फिनिश कटच्या आधी चक एकदा सोडतात आणि कमी प्रेशरवर पुन्हा धरतात. सॉफ्ट जॉसुद्धा (कापून आकार देता येणारे मऊ जबडे) बुशच्या बाहेरच्या व्यासाला मिळते बोअर करतात, म्हणजे पकड तीन ठिकाणी न बसता सगळीकडून बसते. हे ते सहा वर्षं करत होते आणि सेटिंग शीटवर यातलं एक अक्षर नव्हतं.

मी म्हटलं, काका, हे सगळं लिहून द्या. ते "बघू" म्हणाले. मालकांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढून रोज एक टिप टाकायला सांगितलं, तो आठवडाभरात बंद पडला. काका मनानं वाईट नाहीत. मला मायक्रोमीटर धरायला त्यांनीच शिकवलं. मग आता का अडतंय? कुणी हे करून पाहिलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १: निवृत्त टूलरूम कारागीर, कोल्हापूर

ताई, तुमच्या काकांच्या जागी मी होतो, म्हणून लिहितो.

शिरोली एमआयडीसीत ३४ वर्षं काढली. माझे मिस्त्री टूलला धार लावायची वेळ आली की मला चहा आणायला पाठवायचे. मी परत येईपर्यंत टूल तयार. आमच्याकडे म्हणतातच, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. मला तेव्हा फार राग यायचा. आणि पुढे मी स्वतः तेच केलं. मशीनमध्ये ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) टाकताना स्क्रीनसमोर असा उभा राहायचो की मागच्याला आकडा दिसू नये. एकदा कावीळ होऊन वीस दिवस घरी होतो, तर साहेब घरी आले विचारायला. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला तो अजून आठवतो. पगारवाढीच्या वेळी मला विचारायचे ते याच एका कारणानं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग ते कारण मी का वाटून टाकू?

म्हणून पहिली गोष्ट: काका पोराला शिकवत बसले की त्यांचे नग कमी होतात का, इन्सेंटिव्ह कापला जातो का, ते बघा. आमच्याकडे कापला जायचा. शिकवण्याचे तास भरून द्या, मालकांकडून ते लेखी घ्या. शक्य असेल तर रिटायर झाल्यावर आठवड्यातून दोन दिवस मानधनावर बोलवा आणि हे त्यांना आत्ताच सांगा. पोट सुरक्षित आहे म्हटल्यावर माणूस बोलतो.

दुसरी: त्यांना लिहायला सांगू नका. माझी वही होती, पण त्यात नुसते आकडे. "का" कुठेच नाही, कारण ते मला लिहिता येत नव्हतं, करताना फक्त कळायचं. पोराला वही घेऊन शेजारी उभं करा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवे कामगार भराभर तयार करायला ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री ही पद्धत आणली होती. युद्धानंतर ती जपानमध्ये गेली आणि तिथे रुजली. त्यात कामाचा कागद तीन रकान्यांचा असतो: काय करायचं, त्यात नेमकं कशाला जपायचं, आणि का. तुमच्या बुशचं बघा. चक सोडून पुन्हा धरणे, कमी प्रेशर, नाहीतर बोअरला तीन पोटं. एवढं मावतं. मग पोरानं ते काम काकांसमोर करायचं आणि करताना तोंडानं सांगायचं. त्या पद्धतीचं म्हणणंच असं आहे की कामगार शिकला नाही तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही.

माझी वही आता घरी कपाटात आहे. त्यातली निम्मी मशिनं भंगारात गेली. तेव्हा चार पोरांना दिली असती तर बरं झालं असतं, हे मी मनापासून सांगतो.

प्रतिसाद २: क्वालिटी विभाग, सातपूर, नाशिक

कोल्हापूरच्या काकांचं म्हणणं पटलं. आमच्याकडे शिफ्ट बदलताना दहा मिनिटं दोन्ही शिफ्ट एका टेबलाभोवती उभ्या राहतात आणि मध्ये त्या दिवशीचा रिजेक्ट नग ठेवलेला असतो. कुणी केला हे विचारायचं नाही, कसा झाला एवढंच. पहिला महिना कुणी बोललं नाही. मग मी माझीच चूक ठेवली, कॅलिब्रेशनची (गेज बरोबर माप दाखवतो का हे तपासण्याची) तारीख उलटून गेली तरी वापरलेला गेज. त्यानंतर लोक बोलायला लागले. ही दहा मिनिटं ड्यूटीत धरा, सुटल्यावर कुणी थांबणार नाही, बस निघून जाते.

व्हॉट्सॲपवर कस्टमरचं ड्रॉइंग टाकू देऊ नका. आणि त्या बुशला तीन टोकांचा बोअर मायक्रोमीटर किंवा कस्टमरच्या मापाचा प्लग गेज आजच घ्या.

प्रतिसाद ३: सीएनसी ऑपरेटर, चाकण

मी शिकणाऱ्या बाजूचा, आयटीआय करून दोन वर्षं झाली. मॅडम, आम्हालाही विचारायची भीती वाटते. "एवढंही येत नाही का?" असं चारचौघांत ऐकलं की पुढचे सहा महिने तोंड उघडत नाही. अलार्म आला तर गुपचूप रीसेट मारतो. पोरांना काकांकडे दोघादोघांनी पाठवा, एकट्याला नको. एक विसरला तर दुसऱ्याला आठवतं.

प्रश्नकर्तीकडून, तीन आठवड्यांनी

सगळ्यांचे आभार. इन्सेंटिव्ह खरंच कापला जात होता. सात वर्षांत मी तो तक्ता कधी उघडून पाहिला नव्हता, याचं वाईट वाटलं. मालकांनी आठवड्याला चार तास भरून द्यायचं मान्य केलं. रिटायरमेंटनंतरच्या दोन दिवसांचं अजून बोलणं चालू आहे, मी सोडणार नाही.

बुशचा कागद दोन पोरांनी लिहिला. काकांनी वाचला, 'कमी प्रेशर' खोडून तिथे आकडा लिहायला लावला, आणि खाली सही केली. शनिवारी ते स्वतःच म्हणाले, "त्या लांब शाफ्टला टेलस्टॉक किती दाबायचा तेही लिहून घ्या, नाहीतर मध्ये बाक येतो." (टेलस्टॉक म्हणजे शाफ्टला दुसऱ्या टोकानं दिलेला आधार.) ते काम सोमवारी पहिल्या शिफ्टला लावलंय.