पिक्चर विकत आणायचा की टॉकीजला जाऊन बघायचा? सीडीच्या दिवसांचे अनुभव

चिंगी_सातारकर:
काल आईकडे रंगकामासाठी माळा रिकामा करत होतो. पाहुण्यांच्या गाद्यांमागे बुटांच्या दोन खोक्यांत सीड्या निघाल्या. 114 पिक्चर. मोजायची गरजच नव्हती, बाबांनी प्रत्येक कव्हरवर स्केचपेनने नंबर घातलाय. सोबत चाळीस पानी वही. रकाने आखलेले: नंबर, पिक्चर, किंमत, तारीख आणि शेवटी 'कोणी नेली'. 37 नंबरपुढे 'वरचे काका. परत नाही.' आणि खाली लाल रेघ. काकांना जाऊन नऊ वर्षं झाली, बाबांना सहा.

बाबा टॉकीजला यायचेच नाहीत. चौघांची तिकिटं, रिक्षा, मध्यंतरातले वडे असा हिशेब तोंडी मांडायचे आणि म्हणायचे, "एवढ्यात पिक्चर कायमचा आपला होतो." आधी ओरिजिनल व्हीसीडी शंभर-दीडशेला असायची, तेव्हा महिन्याला एक. 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 ला काढली आणि बाबा सुटलेच. किराणावाल्याकडे साबणाशेजारी पिक्चर टांगलेले असायचे. शनिवारी चहापावडर, साखर, एक पिक्चर.

मला मात्र राग यायचा. वर्गातल्या सगळ्यांनी बघून झालेला पिक्चर आमच्याकडे चार-सहा महिन्यांनी यायचा. खुनी कोण हे तोवर रिक्षावाल्या काकांनाही माहीत.

काल एक लावून बघावी म्हटलं तर प्लेअर भंगारात गेलेला, लॅपटॉपला खाच नाही. कायमचे आपले झालेले 114 पिक्चर आणि दिसत एकही नाही. आई म्हणते, गॅलरीत बांध, कबुतरं येत नाहीत.

तुमच्याकडे काय चालायचं? लिहा.

भटकभवानी:
वही टाकू नकोस गं!!! बाकी कुकर उतरवून लिहिते.

आडगावचा_पाटील:
आमच्यात गणपतीला टीव्ही आणि प्लेअर भाड्याने आणायचे. एका रात्रीत तीन पिक्चर. पहिला देवाचा, म्हाताऱ्या झोपेपर्यंत. दुसरा मारामारीचा. तिसरा कुठला ते इथे लिहित नाही.
एकदा पोरानं दोन नंबरची सीडी आधी लावली. कुणाच्या लक्षात आलं नाही, बदला घेऊन झाला, व्हिलन मेला, पाटी आली. मग उरलेली एक नंबरची लावली तर हिरोचा बाप जिवंत. आजी उठून बसली, म्हणाली, "बघा, देव पावला."

सुगरण_नाही:
🤣🤣 देव पावला

रिकामटेकडा:
टूथपेस्ट कुणी कुणी लावली आहे? हात वर करा. ओरखड्यावर पांढरी पेस्ट, मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही. गोल पुसली की संपलीच.

आडगावचा_पाटील:
आम्ही खोबरेल लावलं होतं. प्लेअरसकट गेलं. डिपॉझिट पण गेलं.

कार्बनकाडी:
आमचे वडील तालुक्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर. एकतीस वर्षं. त्यामुळे आमच्या घरात हा प्रश्नच उलटा होता, फुकट पिक्चर आणि तेही वरच्या केबिनमधून.

दोन मशीन असायची. आत कार्बनच्या दोन काड्या समोरासमोर जळत, त्यांचाच उजेड पडद्यावर. काड्या झिजतात, म्हणून अंतर सारखं बघावं लागायचं, नाहीतर पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिव्या. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, तेव्हा झडप बदलायची. खाली बसलेल्या हजार माणसांना काही कळलं नाही तर काम चोख.

रिटायर झाल्यावर 2003 ला मी व्हीसीडी प्लेअर आणला. त्यांच्या काळात सात आठवडे चाललेला एक पिक्चर लावला. आण्णा खुर्चीत. थोड्या वेळाने पाहतो तर एकदम ताठ झाले आणि उजवा हात खुर्चीच्या दांडीवर. कोपऱ्यात ठिपका आला होता. सीडी टॉकीजच्या प्रिंटवरूनच उतरवलेली, त्यामुळे ठिपकेही तसेच. पूर्ण पिक्चरभर दर ठिपक्याला हात जायचा. मी म्हटलं आण्णा, बसा, आपोआप होतंय. "हो रे" म्हणाले आणि पुढच्या ठिपक्याला परत.

आणि दुसरं म्हणजे मशीनच्या घरघरीत त्यांना केबिनमध्ये संवाद नीट ऐकूच यायचे नाहीत. एक डबडा स्पीकर होता, तो आवाज आहे की नाही एवढं कळायला. शंभरावर वेळा दाखवलेला पिक्चर, आणि त्या दिवशी मधेच मला म्हणतात, "असं म्हणतो होय तो तिला!"

चिंगी_सातारकर:
दादा 🙏 काय लिहू. बाबा आणि तुमचे आण्णा एकत्र बसायला हवे होते.

घाटावरची_मावशी:
केबिनमध्ये जाऊन बघायचं माझं लहानपणापासून स्वप्न होतं. आमच्या टॉकीजचा डोअरकीपर बॅटरी थेट डोळ्यांवर मारायचा. तंबूतल्या टॉकीजला बसलंय का कुणी? जत्रेत आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूने बसायचो, तिकीट स्वस्त. सगळं उलटं दिसायचं. सगळे हिरो डावखुरे!

भटकभवानी:
आले. भात लागला, असो.
माझं लग्न 1999 चं. घरात अकरा माणसं, दोन खोल्या, मोरी, गॅलरी. नवऱ्याशी दोन वाक्यं सलग बोलायची तर एकच जागा, टॉकीज. पिक्चर कुठला हे बघायचोच नाही. सहा ते नऊ. अंधार, पंखा, शेजारी फक्त हा. मी तर बऱ्याचदा झोपायचे त्याच्या खांद्यावर, घरी झोप कुठे मिळायची.
मग दिरांनी सीडी प्लेअर आणला. सासूबाई खूश, "आता पैसे घालवून बाहेर कशाला, सगळे मिळून बघू." झालं. अकरा माणसं ओळीत, मी मागे शेंगा सोलत, आणि रिमोट सासऱ्यांच्या हातात. हिरो हिरॉइनच्या जवळ जरा आला की फॉरवर्ड. आमच्याकडच्या पिक्चरांत लोक भेटायचे आणि थेट बारसं.
तेव्हा मी टॉकीजवाली.

रिकामटेकडा:
थेट बारसं 😂😂

सुगरण_नाही:
ताई हे कुणीतरी पिक्चरमध्ये घ्या. सासऱ्यांना माहीत होतं का तुम्ही का जाता?

भटकभवानी:
त्यांना सगळं माहीत होतं गं. त्यांच्याही वेळी तेच. सासूबाईंनीच एकदा सांगितलं, टॉकीजला जायला मिळावं म्हणून त्या देवळात जाते सांगायच्या.

निमा_एक_कान:
नेहमी वाचते फक्त. आज लिहिते. मला लहानपणी तापामुळे डावा कान पूर्ण गेला, उजवा अर्धा. टॉकीजमध्ये आवाज सगळीकडून येतो, तो माझ्यापर्यंत नुसता गोंगाट होऊन पोचतो. लोक हसले की मी हसायचे. अर्ध्या सेकंदाने.
डीव्हीडी आली आणि रिमोटवर सबटायटलचं बटण. हिंदी पिक्चरला इंग्रजी अक्षरं, पण चालेल! कॉलेजला होते. पहिल्यांदा विनोदाला वेळेवर हसले. व्हीसीडीत ती सोय नव्हती, म्हणून मी पैसे साठवून डीव्हीडीच घ्यायचे, एकच पिक्चर तीनदा बघायचे. मराठी डीव्हीडींवर पुष्कळदा अक्षरंच नसायची याचं वाईट वाटायचं. माझ्या भाषेतला पिक्चर मलाच कळत नाही.

कार्बनकाडी:
निमाताई, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

घाटावरची_मावशी:
निमा, लिहीत जा गं.

न्यूजर्सीचा_नाना:
2004 ला भारतात येताना मावसभावासाठी हौसेनं बारा डीव्हीड्या आणल्या. ठाण्यात त्याच्या मशीनमध्ये घातली, मशीन म्हणालं चुकीचा रीजन, म्हणजे जगाच्या कुठल्या भागात डीव्हीडी चालायची तो नंबर. अमेरिका रीजन 1, भारत 5. बारा पिक्चर नुसते आरसे. शेवटी भावाच्या मित्राने रिमोटवर कसला तरी नंबर दाबून मशीनचं कुलूप काढलं, तेव्हा चालल्या.
इकडे उलटी गंमत. इंडियन ग्रोसरीत मेथीच्या जुड्यांच्या वर हिंदी डीव्हीड्या भाड्याने, डॉलरला एक. मराठी नाहीच. नेटफ्लिक्सचं भाड्याच्या डीव्हीडीचं लाल पाकीट टपालाने यायचं, ते पार सप्टेंबर 2023 पर्यंत चालू होतं, मी शेवटपर्यंत घेत होतो, बायको हसायची. मराठी पिक्चर बघायचा तर मंडळाने रविवारी सकाळी हॉल घेतला तरच. तिथे निम्मे लोक पिक्चरनंतरच्या मिसळीला यायचे. मीही.

रिकामटेकडा:
नाना, मिसळीला पाव कुठला मिळतो तिकडे?

न्यूजर्सीचा_नाना:
हॅम्बर्गरचे बन. माफ करा सगळ्यांनी.

कोल्हापुरी_चप्पल:
बन???? धागा बंद करा.

तीस_इंची:
जरा वेगळं मत. लोक म्हणतात आता सगळं मोबाईलवर आहे, डिस्क कशाला. मी अजून ब्लू-रे घेतो. व्हीसीडीचं चित्र 352 गुणिले 288 ठिपके, एका चकतीत सव्वा तास, म्हणून तर दोन-दोन सीड्या लागायच्या. डीव्हीडी साध्या थराची 4.7 जीबी, ब्लू-रे 25 किंवा दोन थरांची 50. नेटवरून येताना चित्र दाबून बारीक करतात, रात्रीच्या सीनमध्ये बघा, काळोखाचे चौकोन पडतात. आणि मुख्य म्हणजे तिकडे यादीत ठेवलेला पिक्चर एक दिवस गुपचूप गायब होतो. माझ्या कपाटातून कोण काढणार?

भटकभवानी:
बुरशी काढेल. आमच्याकडे डोंबिवलीच्या दमटात निम्म्या सीड्यांवर नक्षी उमटली आहे.

तीस_इंची:
ताई, उभ्या ठेवा, सिलिकाच्या पुड्या टाका. बुटांच्या खोक्यात येतात त्या.

वरळी_ते_विरार:
थिएटर प्रिंटबद्दल कुणीच कसं बोललं नाही. स्टेशनबाहेर तीस रुपयांत शुक्रवारचा पिक्चर शनिवारी. कुणीतरी टॉकीजमध्ये कॅमेरा लपवून काढलेला. मधेच समोरचा माणूस उठून मुतायला जाणार, त्याचं डोकं पडद्यावर. पोर रडणार. आमचे वडील घरात ओरडायचे, "ओ बसा खाली!"
चोरीचाच माल, मान्य. पण तो माणूस परत जागेवर येईपर्यंत आम्हाला चैन पडायचं नाही.

रिकामटेकडा:
म्हणजे घरबसल्या टॉकीज 😀

वरळी_ते_विरार:
अगदी. आणि नंतर मुंबई सेंट्रलला कामाला लागलो तेव्हा खरी गंमत कळली. मराठा मंदिर टॉकीजला दिलवाले दुल्हनिया ऑक्टोबर 1995 पासून. ज्याची सीडी, डीव्हीडी घराघरात, तो पिक्चर. डिसेंबर 2014 ला हजार आठवडे झाले. तिथे बसलेल्यांना विचारा, एसटी चुकलेले, गाडी संध्याकाळची असलेले, उन्हातून आलेले. माझ्या शेजारचा माणूस पिशवी उशाशी घेऊन झोपला होता आणि गाणं लागलं की झोपेतच पाय हलवायचा.

पुस्तकी_किडा:
मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, गाण्या-पिक्चरच्या सीड्यांचं दुकान, आठवतंय का? फेब्रुवारी 2016 ला बंद झालं. मी शेवटच्या आठवड्यात गेले होते, घ्यायचं काही नव्हतं, उगाच कव्हरं उलटीसुलटी करत राहिले. मागचा मजकूर वाचायची सवय तिथली.

सुगरण_नाही:
विषय सोडून विचारते, सॉरी. माझ्या लग्नाची व्हीसीडी आहे, 2002, दोन चकत्या. दुसरी दाखवतच नाही. काही करता येतं का? सासूबाई आजारी आहेत, त्यांना बघायची आहे.

तीस_इंची:
येतं. यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळवा, मागून आणा कुणाकडून. चकती कॉम्प्युटरवर उघडा, त्यात एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असेल. आत डीएटी शेपटीची एक मोठी फाइल. ती कॉपी करून घ्या आणि व्हीएलसीमध्ये लावा. नाही चालली तर शेपटी बदलून एमपीजी करा. कॉपी होताना अडली तर चकती कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, मऊ फडक्याने मधून बाहेर पुसा.

रिकामटेकडा:
आणि टूथपेस्ट.

तीस_इंची:
टूथपेस्ट नको हो!!

चिंगी_सातारकर:
@तीस_इंची मी पण करून बघते. भावाच्या ऑफिसात ड्राइव्ह आहे म्हणतोय. 114 मधला पहिला कुठला लावू ते ठरवतेय.

कोल्हापुरी_चप्पल:
37 नंबर लाव.

चिंगी_सातारकर:
तो तर काकांकडे आहे ना 😭

घाटावरची_मावशी:
काकूंकडे विचार की. माळ्यावर असेल त्यांच्याही.

सुगरण_नाही:
तीस_इंची दादा, झालं!! शेजारच्या मुलाने ड्राइव्ह आणला. धुतली, दोनदा अडकली, तिसऱ्यांदा कॉपी झाली. अंतरपाटाच्या वेळी पाचेक मिनिटं नुसते हिरवे चौकोन आहेत, अक्षता पडल्याचा आवाज येतो फक्त. पण पंगत पूर्ण आहे. सासूबाई स्वतः वाढतायत, कमरेला पदर खोचून, जिलबीचं ताट. आता चौथ्यांदा लावायला सांगतायत. म्हणतात, जिलब्या कमी पडल्या होत्या का ते बघायचंय, नणंदेशी तेव्हापासूनचं भांडण आहे.

भटकभवानी:
पडल्या होत्या का?

सुगरण_नाही:
थांबा, बघतोय आम्ही.