दर्याभाषेचा शब्दकोश: टेबल की साचा? (आधी वाचा, मग भांडा)

पोफळी
परवा बांगडाफ्रायने फर्मान काढलं की आपल्या बेटांच्या गोष्टीसाठी रचलेल्या दर्याभाषेच्या शब्दकोशाला विकीवर ‘एक पान, एक टेबल, तीन कॉलम, साचे करत बसणारे रिकामटेकडे’. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. अरे बाबा, टेबल वाढत गेलं की एका वेलांटीसाठी अख्खं पान उघडा, दोघांनी एकदम उघडलं की एडिट कॉन्फ्लिक्ट (एकाचे बदल दुसऱ्याच्या बदलांवर आदळतात), आणि उद्या ठरलं की लिंग अर्थाच्या आधी यावं तर ओळ न् ओळ हाताने बदलणार कोण, तू? साचा म्हणजे एकदा आखलेला नमुना, प्रत्येक नोंद त्यातूनच दिसते; तिथे एका जागी बदललं की सगळ्या नोंदी बदलतात. आणि खरी गोष्ट वेगळीच आहे. मूळ गोष्टीत आलेला शब्द कुठला आणि नंतर आपल्यातल्या कुणी हळूच सरकवलेला कुठला, हे तीन कॉलमात दिसणार कसं? स्टार ट्रेकमधल्या क्लिंगॉन भाषेवाले बघा, ती रचणाऱ्या मार्क ओक्रँडकडून आलेला शब्द तोच खरा, बाकी कितीही झकास असो. टोल्किनने रचलेल्या एल्फांच्या क्वेन्या भाषेवाले त्याच्या कागदांत न सापडलेल्या, अंदाजाने बांधलेल्या रूपापुढे तारा (*) लावतात. आपल्याकडे काय, सगळंच खरं!

बांगडाफ्राय
रिकामटेकडे बोललो ते मागे घेत नाही. तुझा साचा उघडून बघितला. उच्चार, लिंग, अनेकवचन, सामान्यरूप... सामान्यरूप?? दर्याभाषेला विभक्तीच नाही! मराठी व्याकरणाचं पुस्तक समोर ठेवून रकाने पाडलेत. निम्मे रिकामे. माझ्या भाच्याने हौसेने उदाहरणात ओवी टाकली, ओळ संपली तिथे दंड (।) म्हणून कीबोर्डवरची उभी रेघ मारली, साच्याला वाटलं रकाना संपला, पुढची ओवी गायब. पोरगं परत फिरकलं नाही. आणि एवढा थाट कशाला? इंग्रजी विक्शनरीने (विकीवरचा शब्दकोश) क्लिंगॉनलासुद्धा परिशिष्टात बसवलंय, मुख्य नोंदींत एस्परांतो या रचलेल्या भाषेला जागा आहे, क्लिंगॉनला नाही.

सुरंगी
टेबलात पण उभी रेघ तोच घोळ करते हो, तिथे रेघेच्या आधीचं गायब होतं. भाचा तिथूनही पळाला असता.
माझी तक्रार वेगळी. उदाहरणं तिरक्या अक्षरात कुणी केली? देवनागरीला तिरकी वळणं कुठली, ब्राउझर अक्षर नुसतं ढकलून वाकवतो, रफार आणि वेलांट्या एकमेकांच्या अंगावर. शिवाय घशातल्या झटक्यासाठी (घसा क्षणभर बंद होऊन येणारा आवाज) आपण अ‍ॅपॉस्ट्रॉफी ठेवलीय, ती लागोपाठ दोनदा आली की विकी त्या ओळीतलं पुढचं सगळं आपोआप तिरकं करते. नोविकी टॅग लावा (म्हणजे विकी त्या खुणा जशाच्या तशा ठेवते) म्हणून किती वेळा सांगायचं.

खारवीवाडा
ते सगळं सोडा. प्रस्तावनेत ‘कोकणी बोलीवर बेतलेली’ असं कुणी लिहिलंय? आतले शब्द बघितले तर निम्मी मालवणी. आम्ही रत्नागिरीवाले काय समुद्रात राहतो? मुंबईत ऑफिसात कोकणातला आहे म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘मग मालवणी बोलून दाखव की’. अरे आमच्या घरात संगमेश्वरी बोलतात!

कुडाळचो
आवशीचो घो! मालवणी आसली म्हणून तुका काय टोचला? आमची स्थिती माहीत आसा? कोंकणी १९९२ ला घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, आम्ही हयही नाय नि थयही नाय. भाषांच्या कोडच्या यादीत आमका कोंकणीत धरतत, आणि शाळेत? बाईंनी निबंधात एवढे लाल गोल केल्यानी की आवशीन वही देवघरात लपवल्यान, बापाशीक दिसू नये म्हणून. आता एका गोष्टीत चार शब्द इले तर ते पण तुमका जड झाले.

खारवीवाडा
मार आम्हीपण खाल्लाय, तुझ्या बाईंची मक्तेदारी नाही. फरक एवढाच की तुमच्यासाठी नाटकात टाळ्या पडल्या, आमच्यावर टाळी पण नाही.

कुडाळचो
टाळ्ये पडले ते हसूक! विनोदी नोकराची भाषा म्हणून. होयो तुका तो मान? घे मगे.

खाडीपलीकडचा
मी रायगडातला, आगरी. मना पन बोलूं द्या. तुमी दोगं भांडताय पन त्या प्रस्तावनेत आमचा एक पन शब्द नाय. कोकण काय रत्नागिरीला सुरू होतं का?

बांगडाफ्राय
झालं. शब्दकोश राहिला बाजूला, आता सावंतवाडीपासून उरणपर्यंत सगळे मोजून घ्या.

पोफळी
नाही, थांब, यातच माझा मुद्दा आहे. गोष्टीतल्या तीन बेटांवर तीन तऱ्हा आहेत, कुठला शब्द कुठल्या बेटावर हे टेबलात नाहीच. १८५७ च्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात कोकणातल्या शब्दाला वेगळी खूण आहे, आपल्याला एक रकाना जड होतो?

खारवीवाडा
मोल्सवर्थने केलं ते बरं केलं, पण ‘कोकण’ एवढंच. मालवण की चिपळूण ते नाहीच ना. म्हणजे दुखणं जुनंच. (बेटाच्या रकान्याला माझा होकार. कुडाळचोला नव्हे, रकान्याला.)

सुरंगी
आणि विकीच्या वर्गात (पानांच्या यादीत) ळ ची पानं ल नंतर दिसतायत. युनिकोडमध्ये ळ, ल च्या मागोमाग आहे म्हणून. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर, मग क्ष, ज्ञ. सॉर्ट की (क्रम ठरवणारी खूण) द्या.

बांगडाफ्राय
बरं, पंडितहो. साचा ठेवा. सक्तीचे रकाने चार: शब्द, अर्थ, कुठे आढळला, बेट. बाकीचे भरले तरच दिसतील, नाहीतर लपतील, ती सोय साच्यात करता येते, फक्त ती करायला कुणाला सुचलं नाही कारण रिकामे रकाने दाखवण्यात विद्वत्ता दिसते. दंडाला खरा दंड टाइप करायची सूचना वर ठळक लिहा. आणि माझं टेबल मी काढणार नाही. ज्याला फोनवर पटकन बघायचंय त्याच्यासाठी राहील.

पोफळी
राहू दे, पण साच्यातून आपोआप भरलं जाईल असं करू. हाताने भरलेलं आठवड्यात शिळं होतं. आणि सामान्यरूप काढतो, खूश?

बांगडाफ्राय
खूश वगैरे नाही. काढ.

कुडाळचो
ता सगळा रवांदे. प्रस्तावना कोण बदलतलो?